जाणार ते कळले, परत कधी?

मुंबईच्या विमानतळावर रात्रीचे दहा वाजले होते. आम्ही उभयता बालीला निघालो होतो. हिने बत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. फळ्यावर काढून दाखवलेला बोरोबुदूरचा स्तूप एकदा डोळ्यांनी पाहायचा, हे तिच्या निवृत्तीनंतरच्या यादीतले पहिले कलम. बाली पाहून बोटीने जावा बेटावर जायचे, बोरोबुदूरपाशी मन भरेपर्यंत राहायचे आणि मग परतीचे पाहू, असा आमचा बेत. तिकीट अर्थातच एकेरी. इंडोनेशियाचा तीस दिवसांचा व्हिसा उतरल्यावर मिळतो, हे मी चार ठिकाणी वाचून ठेवले होते. पाचव्या ठिकाणी वाचले असते तर बरे झाले असते!

“काका, परतीचं तिकीट?” काउंटरवरच्या मुलीने विचारले.

“ते तिकडे गेल्यावर काढू,” मी ऐटीत म्हणालो.

“मग मला बोर्डिंग पास देता येणार नाही.”

मी बँकेचे पुस्तक दाखवले. हिने तर, दूधवाल्याला वीसच दिवस दूध बंद ठेवायला सांगितले आहे, असा बिनतोड पुरावा दिला. मुलगी हसली, पण बधली नाही. मी मोबाईलवर सिंगापूरचे स्वस्तातले तिकीट शोधले, तर ती म्हणाली, “सिंगापूरचा व्हिसा आहे का?” म्हणजे नुसते बाहेर पडण्याचे तिकीट पुरत नाही, जिथे जाणार तिथे शिरता आले पाहिजे! काउंटर बंद व्हायला पाऊण तास उरला होता. शेवटी जकार्ता ते मुंबईचे तिकीट मिळेल त्या भावाने घेतले.

आणि गंमत पाहा, बालीच्या विमानतळावर त्याबद्दल कोणी चकार शब्द विचारला नाही.

मग मुंबईच्या त्या मुलीलाच एवढी काळजी का? वाचकहो, त्याचे कारण पैशांत आहे. परदेशाने प्रवाशाला दारातून परत फिरवले, तर त्याला माघारी नेण्याची जबाबदारी आणणाऱ्या विमान कंपनीवर पडते. वर अनेक देश दंडही करतात. ही रीत आगबोटींच्या काळातली. अमेरिकेच्या १९२४ च्या कायद्यात व्हिसाविना माणूस आणणाऱ्या बोटीला माणशी १,००० डॉलर दंड होता, शिवाय त्याचे भाडे परत करायचे ते वेगळेच! आपल्याकडेही २००० साली असा कायदा झाला आणि अपुऱ्या कागदांनिशी प्रवासी आणणाऱ्या कंपनीला १ लाख रुपये दंड ठरला. (२०२५ साली त्याची जागा परकीयांविषयीच्या नव्या कायद्याने घेतली.) तेव्हा काउंटरवरची मुलगी आपल्यावर संशय घेत नसते, मालकाची तिजोरी सांभाळत असते. तिच्यासमोरच्या पडद्यावर ‘टिमॅटिक’ नावाची माहितीवही असते. कोणत्या देशाच्या नागरिकाला कुठे जाताना कोणते कागद लागतात, ते आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक संघटना तीत नोंदवते. तिथे ‘परतीचे वा पुढचे तिकीट हवे’ असे लिहिले असले, की आपली वकिली फुकट.

अशा वेळी काही जण थोड्या पैशांत ‘डमी तिकीट’ मिळवण्याचा सल्ला देतात. तो मानू नये. नुसत्या आरक्षणाला सहा अक्षरांचा क्रमांक मिळतो. पैसे भरले नाहीत की ते आपोआप रद्द होते. खऱ्या तिकिटाला तेरा आकडी क्रमांक असतो, आणि तो आहे की नाही हे तपासणे कठीण नाही. त्यापेक्षा रद्द केल्यास पैसे परत मिळणारे तिकीट काढावे. महाग पडते, पण झोप लागते. जाण्यायेण्याची तिकिटे निरनिराळ्या कंपन्यांची असतील, तर परतीचे कागदावर छापून हाताशी ठेवावे; काउंटरवरच्या पडद्यावर ते बहुधा दिसत नाही.

आम्ही घाईत घेतलेले तिकीट तारीख न बदलता येणारे निघाले. बोरोबुदूरचा मुक्काम तीन दिवसांवर आला. तिसऱ्या संध्याकाळी ही समोरच्या हिरवळीवरून उठायला तयार नव्हती, आणि जकार्ताची गाडी तर त्याच रात्रीची.