दुखणी सारखीच, उतारे एकाहून एक!

दवाखाना लांब, डॉक्टर कमी आणि औषधाचा खर्च बहुतेक ठिकाणी स्वतःच्या खिशातून! भारत असो, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका की पाकिस्तान, सरकारी आरोग्यखात्यांपुढची कोडी थोड्याफार फरकाने सारखीच. ती सोडवायला शेजाऱ्यांनी काय काय शक्कल लढवली, बघा.

चिमूटभर मीठ, मूठभर गूळ
1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावात निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज घातलेलं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आलं! पुढे 1980 पासून बांगलादेशात ‘ब्रॅक’ या स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकर्त्या दारोदारी जाऊन घरातल्या आईला असंच पाणी करायला शिकवू लागल्या. तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. काही दिवसांनी दुसरं कुणीतरी येऊन त्या आईची परीक्षा घ्यायचं आणि तिला किती आठवतंय, त्यावर कार्यकर्तीचा पगार ठरायचा. दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरांत हा धडा पोचला.

तेल-हळदीच्या जागी मलम
नेपाळात बाळाच्या नाळेला तेल-हळद लावायची जुनी रीत. आयांना काहीतरी लावायचंच असतं, मग जंतू मारणारं औषधच का देऊ नये? सर्लाही जिल्ह्यातल्या अभ्यासाचे निकाल 2006 मध्ये आले: क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकामुळे नवजात मृत्यू सुमारे चोवीस टक्क्यांनी घटले. आज तिथे ते ‘नाभी मलम’ म्हणून ओळखलं जातं.

मंत्री निघाले पायी
मोफत औषधं आणि लसी कायम मिळत राहाव्यात म्हणून भूतानने खास निधी उभारला. त्यासाठी 2002 मध्ये आरोग्यमंत्री सांगय न्गेदुप पूर्वेकडच्या त्राशिगांगहून थिंफूपर्यंत सुमारे 560 किलोमीटर चालत गेले! 2021 मध्ये याच देशाने दोन आठवड्यांत 90 टक्क्यांहून अधिक पात्र प्रौढांना कोविडचा पहिला डोस दिला. लस होती आपल्या पुण्याची.

17 वरून पाच लाख
श्रीलंकेत 1963 मध्ये मलेरियाचे फक्त 17 रुग्ण उरले होते. फवारणी ढिली पडली आणि त्याच दशकाच्या शेवटी आकडा पाच लाखांवर गेला. मग चिकाटीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशाला मलेरियामुक्त जाहीर केलं.

सापाला सीमा कसली?
नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावरचं भारतीय प्रतिविष नेपाळ, बांगलादेश, श्रीलंकेतही वापरतात. त्यासाठी लागणारं बरंचसं विष काढतात तमिळनाडूतले इरुळा सर्पमित्र. पण श्रीलंकेत अनेकांना चावणाऱ्या हंप-नोज्ड वायपरवर ते चालत नाही. ज्या त्या मातीला तिचं प्रतिविष हवं!

सगळं अडतं ते ‘ताईं’वाचून
नेपाळच्या सुमारे 50 हजार आरोग्य स्वयंसेविका (1988 पासून), पाकिस्तानच्या लेडी हेल्थ वर्कर्स (1994), आपल्या सुमारे 10 लाख आशाताई (2005). गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि बालमृत्यू झपाट्याने घटले. आशाताईही आज तेच करतात: घरी जाऊन बाळाचं वजन करायचं, ताप पाहायचा, आईला धीर द्यायचा. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला.

मीठ-गूळ असो की नाभी मलम, शेवटच्या घरापर्यंत ते नेते गावातलीच बाई. पाकिस्तानातल्या लेडी हेल्थ वर्कर्सनी रस्त्यावर उतरून, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन नोकरीत कायम होण्याचा हक्क मिळवला. आपल्या आशाताई अजून मोबदल्यावरच राबतात. शेजाऱ्याकडून काही उसनं आणायचंच, तर आधी हे आणू या.