उसन्या फौजेचे इमान

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी आणि गणेशखिंड यांच्या मधल्या माळावर पेशव्यांचे व इंग्रजांचे सैन्य समोरासमोर उभे ठाकले. ही दोन शत्रूंची लढाई होती, असे आपण सहज समजून चालतो. परंतु त्या दिवशी सकाळपर्यंत हे दोन पक्ष कागदोपत्री शत्रू नव्हते, दोस्त होते. त्यांच्या दोस्तीला पंधरा वर्षे होत आली होती आणि तिच्यावर अवघ्या पाच महिन्यांपूर्वी नव्या तहाची मोहोर उमटली होती. खडकीची लढाई म्हणजे दोस्तांची लढाई होय, ही गोष्ट ध्यानात घेतल्याखेरीज तिचा अर्थ नीट लागत नाही.

त्या माळावरची माणसेही एकमेकांना अनोळखी नव्हती. इंग्रजांचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि पेशव्यांचे सेनापती बापू गोखले हे दोघेही १८०३ साली शिंदे-भोसल्यांविरुद्धच्या मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या बाजूने होते. एल्फिन्स्टन असईच्या रणांगणावर वेलस्लीच्या सोबत होता, तर गोखले पेशव्यांचे पथक घेऊन इंग्रजांच्या मदतीस गेले होते. चौदा वर्षांनी तेच दोघे मुळेच्या काठी एकमेकांविरुद्ध उभे राहिले. मधल्या काळात असे काय घडले?

कराराचे गणित

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे व पेशवे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरले आणि ३१ डिसेंबर रोजी त्यांनी वसईस इंग्रजांशी तह केला. निदान सहा हजार पायदळ व त्यास लागणारा तोफखाना अशी तैनाती फौज इंग्रजांनी पेशव्यांसाठी ठेवावी आणि तिच्या खर्चापोटी पेशव्यांनी सालीना २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा, असे ठरले. इंग्रजांच्या सल्ल्यावाचून अन्य सत्तांशी बोलणी करू नयेत, निजाम व गायकवाड यांच्याकडील येण्यांचा निवाडा इंग्रजांवर सोपवावा, हीही कलमे त्यात होती. १३ मे १८०३ रोजी इंग्रजी संगिनींच्या पहाऱ्यात बाजीराव पुन्हा पुण्यात आले.

राजकीय इतिहासात या तहाची चर्चा पुष्कळ झाली आहे. पण त्यातील व्यवहाराकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. तोफखाना व अंमलदारांचा खर्च त्यातच धरला, तर दर शिपायामागे वर्षाला सुमारे ४३३ रुपये पडतात. हा दर महाग की स्वस्त, हा येथे मुख्य प्रश्न नव्हे. मुख्य प्रश्न असा की, देवघेव झाली ती कोणत्या दोन वस्तूंची? पेशव्यांनी दिली ती जमीन. ती एकदा दिली की परत येत नाही. इंग्रजांनी दिली ती सेवा. ती रोजच्या रोज द्यावयाची असते आणि कोणत्याही दिवशी थांबविता येते. ज्याने आपली किंमत आगाऊ व कायमची चुकती केली आहे आणि ज्याचा माल मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर येत राहणार आहे, त्याच्या हाती पुढल्या वाटाघाटीत घासाघीस करण्यासारखे काही उरत नाही.

पुढे झालेही तसेच. जुलै १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरास खून झाला. ते इंग्रजांच्या हमीवर पेशव्यांकडे आले होते. खुनाचा ठपका ठेवून पेशव्यांचे मर्जीतले कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांस इंग्रजांनी मागून घेतले व ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. १८१६ साली ते तेथून निसटले. या प्रकरणाचा शेवट १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहात झाला. मराठेशाहीचे प्रमुखपद पेशव्यांनी सोडले, दरबारोदरबारचे वकील परत बोलाविले, अहमदनगरचा किल्ला दिला आणि आणखी ३४ लाख रुपयांचा मुलूख फौजेच्या खर्चासाठी तोडून दिला. संरक्षण तेच, किंमत मात्र दुपटीहून अधिक झाली.

दोष एकाचाच नाही

येथे इंग्रजांना कपटी आणि बाजीरावांना पळपुटे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु दोन शिव्यांनी इतिहासाचा उलगडा होत नाही. तैनाती फौज बाजीरावांना हवी होती ती कोणा परक्या आक्रमकाविरुद्ध नव्हे, तर आपल्याच सरदारांविरुद्ध. १८०१ साली विठोजी होळकरांना त्यांनी पुण्यात हत्तीच्या पायी दिले नसते, तर यशवंतराव त्वेषाने पुण्यावर चालून आले असते काय, हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. घरातील भांडण मिटविण्याऐवजी ते जिंकण्यासाठी बाहेरची ताकद आणली, तेथेच घराच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती गेल्या. त्यानंतर कित्येक वर्षे या फौजेच्या धाकाने जहागीरदारांना दबकून राहावे लागले आणि बाजीरावांना ते सोयीचेही वाटले. उसनी ताकद जोवर आपल्या शेजाऱ्याला भिववीत असते, तोवर तिचे व्याज कोणी मोजीत नाही.

दापोडीची पलटण

या सर्व कथेत सर्वांत बोलके प्रकरण दापोडीच्या पलटणीचे आहे. तैनाती फौज निदान उघडउघड इंग्रजांची होती. परंतु १८१२-१३ च्या सुमारास खुद्द पेशव्यांच्या नावाने एक कवायती ब्रिगेड उभारण्यात आले. पगार पेशव्यांचा, नाव पेशव्यांचे, छावणी पुण्याजवळ दापोडीस. मात्र शिस्त इंग्रजी, अंमलदार इंग्रज आणि प्रमुख कॅप्टन जॉन फोर्ड. ५ नोव्हेंबरच्या दुपारी कर्नल बर याच्या हाताखालील इंग्रज सैन्य खडकीहून पुढे सरकले, तेव्हा ही पलटण दापोडीहून निघाली आणि येऊन मिळाली ती इंग्रजांना. पेशव्यांनी पाच वर्षे जिला पोसले, तिच्या तोफा पेशव्यांवरच चालल्या.

पेशव्यांचे मंत्री मोरो दीक्षित हे फोर्डचे मित्र होते. त्या दिवशी ते घोडदळ घेऊन चालून गेले ते नेमके फोर्डच्या पलटणीवर आणि त्या पलटणीबरोबरच्या एका तोफेच्या गोळ्यानेच ते पडले. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात या दैवदुर्विलासाची नोंद केली आहे. दोन माणसांचा स्नेह खरा होता, यात शंका घेण्याचे कारण नाही. पण स्नेह माणसांत होता आणि तोफ कराराने बांधलेली होती.

इंग्रजांकडे सुमारे २,८०० सैनिक होते. पेशव्यांचे सैन्य त्यांच्या अंदाजाने १८,००० घोडेस्वार व ८,००० पायदळ एवढे होते. गोखल्यांच्या घोडदळाचा हल्ला इंग्रजांच्या डाव्या बगलेसमोरील दलदलीत अडकला आणि अंधार पडण्यापूर्वी निकाल लागला. बाजीराव पर्वतीवरून हे पाहत होते. १७ नोव्हेंबर रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले.

दापोडीचा अनुभव एकट्या पेशव्यांचा नव्हता. महादजी शिंद्यांनी द बॉयन या फ्रेंच भाषक सेनानीकडून उत्तरेत नामांकित कवायती पलटणी तयार करून घेतल्या. त्यांचा पुढील सेनापती पेराँ याने १८०३ साली ऐन युद्धात शिंद्यांची नोकरी सोडून इंग्रजांचा आश्रय घेतला. शिपाई एतद्देशीय, पैसा एतद्देशीय, परंतु हुकमाची भाषा परकी. ती बोलणारा गेला की पलटण मुकी होते.

यंत्र कोणाचे ऐकते?

कवायती पलटण हे त्या काळातील एक यंत्रच होते. हुकूम मिळताच शेकडो बंदुका एकदम उठाव्यात आणि का म्हणून कोणी विचारू नये, हेच तिचे बळ होते. पुढे १९२० साली चेक नाटककार कारेल चापेक याने कृत्रिम कामकऱ्यांवर एक नाटक लिहिले आणि त्यांना ‘रोबो’ हे नाव दिले. मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठबिगार असा आहे. चापेकच्या नाटकातील यंत्रमानव आपल्या निर्मात्यांविरुद्ध बंड करतात. तेव्हापासून जगाला ही एकच भीती पडली आहे की, यंत्र एक दिवस उलटेल. मुलांच्या आवडत्या ट्रान्सफॉर्मर्स या चित्रपटांतही यंत्रमानवांच्या ग्रहावर एकेकाळचे दोन सोबती हाती सत्ता येताच वैरी होतात.

खडकीचा अनुभव मात्र निराळा आहे. दापोडीच्या पलटणीने बंड केले नाही. तिने हुकूम पाळला. फक्त तो पैसे देणाऱ्याचा नव्हता, घडविणाऱ्याचा होता. यंत्र उलटेल ही भीती कादंबरीकारांची आहे. यंत्र मूळ मालकाचे ऐकेल, ही भीती राज्यकर्त्यांनी बाळगावयाची आहे.

अलीकडील इतिहासातही याचे दाखले आहेत. इराणच्या शहांनी १९७० च्या दशकात अमेरिकेकडून एफ-१४ जातीची लढाऊ विमाने घेतली. १९७९ च्या क्रांतीनंतर दोस्ती संपली आणि विमाने इराणच्या भूमीवर असूनही त्यांचे सुटे भाग अमेरिकेतच राहिले. भारताने मे १९९८ मध्ये अणुचाचण्या केल्या, तेव्हा आपल्या हलक्या लढाऊ विमानाच्या उड्डाण-नियंत्रणावर अमेरिकेत काम करणाऱ्या भारतीय तंत्रज्ञांना तेथून परतावे लागले. आज तर विमान, क्षेपणास्त्र, दूरसंचाराचे जाळे, बँकेचा संगणक, या सर्वांमागे आज्ञावली असते आणि ती अनेकदा विकणाऱ्याच्या कुलुपात असते. वस्तू आपल्या अंगणात, किल्ली परदेशात, ही दापोडीचीच व्यवस्था नव्हे काय?

म्हणून कोणाशी दोस्ती करू नये, असा निष्कर्ष काढणे वेडेपणाचे होईल. कोणतेही राष्ट्र सर्व काही एकट्याने घडवू शकत नाही आणि आयातीवर बहिष्कार घालून कोणी बलवान झाल्याचे दिसत नाही. मात्र दोस्तीच्या प्रत्येक कराराला तीन प्रश्न विचारावेत, हे खडकी शिकविते. आपण जे देत आहोत ते परत घेता येईल काय? आपण जे घेत आहोत ते दोस्त रागावल्यानंतरही चालेल काय? आणि हे सामर्थ्य आपल्याला नेमके कोणाविरुद्ध हवे आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘आपल्याच माणसांविरुद्ध’ असे असेल, तर पहिले दोन विचारण्याची तसदीही घेण्याचे कारण नाही.

लढाईनंतर खडकीस इंग्रजांची लष्करी छावणी वसली आणि १८६९ साली तेथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. तो कारखाना आज भारत सरकारच्या मालकीच्या कंपनीकडे आहे. ज्या भूमीवर उसन्या तोफांनी राज्य गेले, त्या भूमीवर स्वतःचा दारूगोळा तयार होतो, ही समाधानाची गोष्ट आहे. पण केवळ कारखाना आपला असून भागत नाही. त्यातील विद्याही आपली असावी लागते. ती कवायतीने येत नाही. ती शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून, कंटाळवाण्या वाटणाऱ्या गणिताच्या तासांतून आणि संशोधनावर वर्षानुवर्षे केलेल्या खर्चातून येते. त्या खर्चाचे फळ एका निवडणुकीच्या मुदतीत दिसत नाही, म्हणून त्याला कात्री लावण्याचा मोह प्रत्येक अंदाजपत्रकात होतो.

बाजीराव ३ जून १८१८ रोजी माल्कमच्या स्वाधीन झाले. सालीना आठ लाखांची नेमणूक घेऊन ते गंगाकाठी बिठूरास राहिले आणि १८५१ साली वारले. त्यांच्या पश्चात दत्तकपुत्र नानासाहेबांनी ती नेमणूक मागितली, तेव्हा ती बाजीरावांच्या हयातीपुरतीच होती, असे उत्तर मिळाले. वसईस दिलेला मुलूख मात्र कायमचा गेला होता.