शिकाऊ मानसशास्त्रज्ञ आणि मेडिकेड

अमेरिकेत अल्प उत्पन्नाच्या नागरिकांचा औषधोपचार चालविणारी ‘मेडिकेड’ योजना 1965 साली कायद्याने अस्तित्वात आली. उपचारखर्चाचा किमान निम्मा वाटा संघसरकार देत असले, तरी तपशिलाच्या तरतुदी ठरविण्याची बरीचशी मुखत्यारी राज्यांकडे असल्यामुळे, डॉक्टरेटच्या अखेरच्या टप्प्यावर इंटर्नशिप करणाऱ्या, परंतु अद्याप परवाना न लाभलेल्या मानसशास्त्रज्ञाच्या सेवेचा मोबदला द्यावा किंवा कसे, याचे उत्तर राज्यागणिक निराळे मिळते.

जेथे मंजुरी आहे, तेथे बिल बहुधा परवानाधारक पर्यवेक्षकाच्या नावे जाते: दाव्याच्या छापील अर्जातील 24-जे या रकान्यात त्याचा 10 अंकी क्रमांक पडतो आणि काही ठिकाणी सेवेच्या संकेतांकापुढे इंटर्नची निदर्शक अशी ‘एचएल’ ही अक्षरे जोडावी लागतात. शिकाऊ माणसाच्या टिपणावर पर्यवेक्षकाची सही नसेल, तर दफ्तरतपासणीत दिलेली रक्कम परत वसूल होऊ शकते, आणि ही सक्ती मला रास्तच वाटते.

मात्र निवासी डॉक्टरांच्या शिक्षणासाठी वृद्धांची ‘मेडिकेअर’ योजना आरंभापासून सढळ हाताने पैसा ओतीत असता, मानसशास्त्राच्या पदरात त्या मानाने चिमूटभरच पडावे, हा पंक्तिप्रपंच होय. मोबदलाच नसेल तर दवाखाने इंटर्न ठेवण्यास कचरतात, आणि त्याची झळ गरीब रुग्णांना लागते.

उपचारक शिकाऊ आहे हे रुग्णास सांगणे आणि पर्यवेक्षकाचे नाव कळविणे, हे तेथील मानसशास्त्रज्ञांच्या आचारसंहितेने बंधनकारक केले आहे.