कॉलेज मिशनचे, ओळख आपली

दहावी-बारावीचे निकाल लागले की परळ, लालबाग, नायगावच्या चाळींत दोन प्रश्न निघतात. पहिला फीचा, दुसरा कॉलेजचा. मुलाला चांगले टक्के पडले असतील तर धोबी तलावचे झेवियर्स किंवा गिरगाव चौपाटीवरचे विल्सन डोळ्यांसमोर येते. मग एखादी माउली हळूच विचारते, "ते पाद्र्यांचे कॉलेज ना? तिथे त्यांची प्रार्थना म्हणावी लागेल का? पोरगं आपलं राहील ना?"

ही शंका हसण्यावारी नेऊ नये. मुंबईत ती फार जुनी आहे. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली काढलेल्या शाळेतूनच पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले. १८३९ साली त्यांच्या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पारशी समाजात खळबळ उडाली. १८४३ साली नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा बारा वर्षांचा भाऊ श्रीपतही मिशनरींकडे राहिला होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. पण ख्रिस्ती माणसांत जेवलेला मुलगा जातीत घ्यायचा कसा, यावर रान पेटले. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला घ्यावे अशी बाजू मांडली. या सगळ्या ओढाताणीत त्या पोराच्या मनात काय आहे, याला मोल राहिले नाही.

आज तशी वेळ येण्याचे कारण नाही. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने घडवलेल्या घटनेत कलम २८ आहे. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत कोणालाही संमतीवाचून धर्माच्या तासाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. कलम ३० प्रमाणे ख्रिस्ती समाजाला आपल्या संस्था चालवण्याचा हक्क आहे. तोच हक्क आपल्यालाही आहे, कारण १९९३ साली केंद्र सरकारने बौद्धांची अल्पसंख्याक म्हणून नोंद केली.

मिशनच्या कॉलेजात आपले काहीच नाही, असेही समजू नका. याच झेवियर्समध्ये प्रा. ना. के. भागवत पाली शिकवीत. त्यांनी पाली ग्रंथ देवनागरीत संपादित केले. बुद्धाची भाषा एका ख्रिस्ती कॉलेजच्या वर्गात शिकवली गेली, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.

आता विद्यार्थी मंडळांविषयी. कॅथलिक विद्यार्थ्यांची 'आयकफ' ही देशव्यापी संघटना १९२४ पासूनची आहे. ती मुले एकत्र जमतात, प्रार्थना करतात, समाजाचे प्रश्न बोलतात. त्याचा राग धरण्याचे कारण नाही. प्रश्न आपल्या मुलाचा आहे. तो वर्गात एकटा पडतो, आडनाव सांगताना चाचरतो, मित्रांसमोर 'जयभीम' म्हणायला कचरतो. दुसऱ्याच्या प्रार्थनेने आपले मूल तुटत नाही. आपली ओळख लपवण्याची सवय लागली, म्हणजे ते तुटते.

तेव्हा चारच बौद्ध मुले असली तरी त्यांनी जमावे. प्राचार्यांकडे रीतसर अर्ज करून परवानगी मागावी. १४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा साजरी करावी, पण तेवढ्यावर थांबू नये. वरच्या वर्गातल्यांनी खालच्यांना पुस्तके द्यावीत, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून द्यावेत, 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मिळून वाचावा. मंडळाचे दार मात्र सर्वांना उघडे असावे. ख्रिस्ती, मुसलमान, मराठा, कोणीही येऊन बसावे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज १९४६ साली निघाले, तेव्हा बाबासाहेबांनी ते एका जातीपुरते ठेवले नव्हते. आपणच नवी जात बांधायची नाही.

पालकांना एक विनंती. फॉर्मवर धर्माच्या रकान्यात निःसंकोच 'बौद्ध' लिहा. सवलत जाईल या भीतीने अनेकांनी पूर्वी 'हिंदू' लिहिले. १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त केला आणि बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलतीही मिळू लागल्या. जातीचा दाखला वेळेत काढा, त्याच्या दोन-तीन साक्षांकित प्रती घरात ठेवा.

घरी रोज संध्याकाळी त्रिशरण-पंचशील होत असेल, मुलाला त्याचा अर्थ कळत असेल, तर कॉलेज कोणाचेही असो, भिण्याचे कारण नाही. त्याला खुशाल झेवियर्सला पाठवा, विल्सनला पाठवा. तिथून तो शिकून येईल आणि आपल्या वस्तीतल्या दहा पोरांना शिकवील.