ब्रेकचे पॅड : गार आणि गरम

गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना एका वळणावर ब्रेकचे पेडल पायाखाली मऊ पडले आणि थेट तळाला टेकले. गाडी मारुती एस्टीम, वीस वर्षांहून जुनी. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने ती हौसेने वेगवान करून घेतली होती. त्याने चटकन दुसरा गिअर टाकला, हातब्रेक थोडा थोडा ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला उभी केली. कोणाला काही झाले नाही. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा जागेवर आले, जणू काही घडलेच नव्हते! त्याच दिवशी सकाळी दसरा चौकातल्या सिग्नलला याच ब्रेकने उलटा त्रास दिला होता. पेडल दगडासारखे घट्ट, पण गाडी थांबेना.

एकाच गाडीत, एकाच दिवशी दोन निरनिराळे बिघाड. त्यांचा माग काढताना आम्हाला उष्णतेचे प्रकरण नव्याने वाचावे लागले.

ब्रेक गाडीची गतिज ऊर्जा नाहीशी करत नाही, तिची उष्णता करतो. माणसांसह गाडीचे वस्तुमान 1200 किलो धरू. ताशी 60 किलोमीटर वेगाला तिची गतिज ऊर्जा सुमारे 1 लाख 67 हजार ज्यूल भरते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हे विद्यार्थ्यांना पाठ असते. पण ती चौपट उष्णता कुठे जाते, हे क्वचितच विचारले जाते. आता घाट घ्या. 400 मीटर उंची उतरताना स्थितिज ऊर्जा सुमारे 47 लाख ज्यूलने कमी होते. एवढ्या उष्णतेत 15 लिटर गार पाणी उकळीला येईल.

यातला सुमारे 70 टक्के भार पुढच्या चाकांवर येतो असे मानू. पुढच्या दोन डिस्क प्रत्येकी 4 किलोच्या धरल्या, तर ताशी 60 वरून एकदा थांबताना त्या सुमारे 29 अंशांनी तापतात. संपूर्ण घाट केवळ ब्रेकवर उतरला आणि उष्णता बाहेर गेलीच नाही, तर हेच गणित 800 अंशांच्या पुढे जाते. प्रत्यक्षात वारा डिस्क गार करतो, आणि गिअर खालचा असेल तर बराचसा भार इंजिन उचलते. चौथ्या गिअरमध्ये घाट उतरणाऱ्याला मात्र ही मदत फारशी मिळत नाही.

डिस्क बहुधा राखाडी बिडाची असते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमुळे कोल्हापूरकरांना बीड काही नवे नाही. त्यातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे ते उष्णता चांगली वाहून नेते आणि कंपनेही शोषते. पोलाद अधिक बळकट खरे, पण या कामात बीडच सरस ठरते.

पॅडचे तसे नाही. तंतू, धातूची भुकटी, ग्राफाइट, घर्षण वाढवणारी खनिजे असे अनेक पदार्थ फिनॉलिक रेझिनने बांधून तो दाबून तयार करतात. साध्या पॅडमधले हे रेझिन सुमारे 300 अंशांपुढे विघटित होऊ लागते. त्यातून निघालेला वायू पॅड आणि डिस्क यांच्या मध्ये येतो आणि घर्षण घटते. पेडल घट्टच राहते, गाडी मात्र थांबत नाही. रेसिंगचे पॅड याहून बऱ्याच जास्त तापमानाला टिकतात. पण त्यांची पकड गार असताना कमी असते आणि ते डिस्कही लवकर खातात. सकाळी दसरा चौकात नेमके हेच झाले होते.

कोल्हापुरात मोटारशर्यतींचे वेड जुने आहे. इथल्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धांच्या फेऱ्याही झाल्या आहेत. त्यामुळे ‘रेसिंगचा पॅड म्हणजे भारी पॅड’ हा समज इथे सहज पसरतो. आमच्या मते तो धोकादायक आहे. शर्यतीत पॅड सतत तापलेलाच असतो. बाजारात जाणाऱ्या गाडीचा पहिला ब्रेक नेहमी गार पॅडवरच लागतो. शिवाय मागे जुने ड्रम ठेवून फक्त पुढे जास्त पकडीचे पॅड बसवले, तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो. एबीएस नसलेल्या जुन्या गाडीत ते पॅड तापले, की पावसात पुढची चाके लवकर अडकतात आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही.

अनेक पॅडच्या कडेला दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर साधारण तापमानाचा घर्षणगुणांक सांगते, दुसरे तापल्यानंतरचा. ‘ई’ म्हणजे 0.25 ते 0.35, ‘एफ’ म्हणजे 0.35 ते 0.45, ‘जी’ म्हणजे 0.45 ते 0.55. एफ-ई असेल तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो. टिकाऊपणाविषयी ही अक्षरे काहीच सांगत नाहीत.

मग घाटात पेडल मऊ का पडले? तो दोष पॅडचा नव्हता, ब्रेक ऑइलचा होता. हे द्रव हवेतले बाष्प शोषते. डॉट 3 प्रतीचे नवे द्रव किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही मर्यादा 140 पर्यंत उतरते. द्रव दाबले जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पायाचा दाब बुडबुड्यांतच जिरतो. धातूचे प्रमाण जास्त असलेल्या पॅडने पिस्टनपर्यंत उष्णताही जास्त पोचवली. द्रव साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. या गाडीत ते शेवटचे कधी बदलले, हे मालकालाही आठवेना.

नंतर उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये पॅड काढले. उजव्या चाकाचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजला होता. कॅलिपरची सरकपिन गंजून अडकली होती. जुन्या गाड्यांत हे फार आढळते, आणि बाहेरून डोकावणाऱ्याला फक्त बाहेरचा, जाड पॅड दिसतो. घर्षणाचा थर 3 मिलिमीटरवर आला की पॅड बदलावा. डिस्कचीही किमान जाडी ठरलेली असते, बहुधा तिच्यावरच कोरलेली.

तिथला पोरगा हवेच्या नळीने ब्रेकची धूळ उडवू लागला, तेव्हा आम्ही त्याला थांबवले. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्याच्या तंतूंमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, तोही कित्येक वर्षांनी. धूळ ओल्या फडक्याने पुसावी. शाळेत झिजलेले पॅड आणून व्हर्निअरने मोजायचे असतील, तर ते असेच पुसून आणावेत, आणि कोणालाही ते कानशीने घासू देऊ नये.

एस्टीमला आता साधे पॅड, नवे ब्रेक ऑइल आणि नव्या पिना आहेत. रेसिंगचे पॅड मालकाने डब्यात ठेवले आहेत, ट्रॅकवर जायचे असेल तेव्हा बसवायला. करूळ घाट तो आता दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात.