कामोणी : वांग्याच्या कुलातील पालेभाजी आणि शाळेची परसबाग

प्राथमिक शाळांच्या परसबागांत माठ, पालक, मेथी, वांगी, टोमॅटो व भेंडी यांची लागवड बहुतेक ठिकाणी होते. त्याच बागेच्या कडेला, जेथे पाणी सांडते किंवा केरकचरा पडतो तेथे, कोणी न लावता एक लहानसे झुडूप उगवून येते. त्यास पांढरी चिमुकली फुले येतात, मागाहून हिरव्या व पुढे काळ्या होणाऱ्या फळांचे घोस लागतात. निंदणीच्या वेळी ते तण समजून उपटले जाते. या झुडपाचे नाव कामोणी. काही ठिकाणी त्यास घाटी किंवा मको असेही म्हणतात. संस्कृतात ते काकमाची, हिंदीत मकोय व गुजरातीत पिलुडी या नावाने ओळखले जाते. वनस्पतिशास्त्रातील सोलॅनम नायग्रम व त्याच्या अगदी जवळच्या जाती या सर्वांना आपल्याकडे सामान्यतः हेच नाव दिले जाते.

तामिळनाडूत या वनस्पतीच्या जुड्या भाजीबाजारात विकल्या जातात. मॉरिशसमध्ये व पूर्व आफ्रिकेतील केनियात तिच्या पाल्याची भाजी नित्याची आहे. आपल्याकडे मात्र शाळेत तिच्याविषयी दोन टोकांची वृत्ती दिसते. कोणी तिला निव्वळ विषारी समजतो, तर कोणी ती औषधी असल्याचे ऐकून वाटेल तशी खाण्यास हरकत नाही असे मानतो. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. कामोणीचा कोवळा पाला शिजवून खाण्याजोगा आहे. तिचे हिरवे, कच्चे फळ विषारी आहे. एकाच झुडपावर अन्न व विष शेजारी शेजारी असल्यामुळे शिक्षकाने तिची नीट ओळख करून घेणे अगत्याचे ठरते. मुले मधल्या सुट्टीत कुंपणाकडची फळे तोडतात ही गोष्ट कोणत्याही शिक्षकास नवी नाही.

वांग्याचे कुल

वांगे, बटाटा, टोमॅटो, मिरची व तंबाखू ही सर्व पिके एकाच कुलातील होत. डोरली, काटेरिंगणी, आस्कंद व धोत्रा यांचाही समावेश याच कुलात होतो. बटाटा, टोमॅटो, मिरची व तंबाखू ही मूळची अमेरिकेतील असून पोर्तुगीजांच्या काळात आपल्या देशात आली. वांगे मात्र आशियातीलच आहे. या कुलातील पुष्कळ वनस्पतींत कडू व विषारी द्रव्ये कमीअधिक प्रमाणात असतात. उन्हात राहून हिरवा पडलेला बटाटा खाऊ नये असे सांगितले जाते, त्याचे कारणही हेच. त्या हिरव्या भागात सोलॅनिन नावाचे द्रव्य वाढलेले असते.

“वांगे खातो, मग वांग्याचा पाला का खात नाही?” असा प्रश्न चौथी-पाचवीतील चौकस मुले विचारतात. त्याचे उत्तर या कुलाच्या स्वभावात आहे. कोणत्या झाडाचा कोणता भाग, कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या रीतीने खावा, हे मनुष्याने पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठरविले आहे. पश्चिम आफ्रिकेतील बेनिन, टोगो व घाना या देशांत ग्बोमा नावाचे वांग्याचे एक भावंड आहे. ते कमरेएवढे वाढते व त्याचा पाला वारंवार खुडून भाजीसाठी वापरतात. आपल्या हवेत असे पाल्याचे भावंड आयते मिळते, ते कामोणीच्या रूपाने.

ओळख कशी पटवावी

कामोणीचे झुडूप साधारण एक ते तीन फूट उंच होते. खोडावर व पानांवर काटे नसतात. पाने एकाआड एक, अंडाकृती व टोकदार असून कडा सरळ किंवा किंचित दातेरी असतात. फुले पांढरी, पाच पाकळ्यांची. मध्यभागी पिवळ्या परागकोशांचा लहान शंकू असतो. वांग्याचे फूल शेजारी ठेवल्यास घडण तीच असल्याचे मुलांच्या लगेच ध्यानात येते. फरक आकाराचा व रंगाचा. फळे वाटाण्याहून काहीशी लहान, घोसाने लोंबणारी, प्रथम हिरवी व पिकल्यावर काळी होतात. एका जवळच्या जातीत ती पिकून नारिंगी-तांबडी होतात.

तीन बाबतींत घोटाळा होऊ शकतो. पहिला धोत्र्याचा. धोत्र्याचे कोवळे रोप पालेभाजीत मिसळून जाण्याचा संभव असतो. त्याची पाने मोठी व बुडाशी दोन्ही बाजूंनी असमान असतात. पुढे फूल लांब कर्ण्यासारखे व फळ काटेरी येते. दुसरा टणटणीचा, म्हणजे घाणेरीचा. तिचीही फळे घोसाने येतात व पिकून काळी होतात. परंतु तिचे खोड खरखरीत, पानास उग्र वास आणि फुलांचे गुच्छ रंगीबेरंगी असतात. तिची हिरवी फळेही विषारी आहेत. तिसरा घोटाळा नावाचा. इंग्रजी पुस्तकांत बेलाडोना या अतिविषारी वनस्पतीचे नाव कामोणीच्या नावाशी मिळतेजुळते असल्याने दोन्ही एकच समजल्या जातात. बेलाडोना थंड प्रदेशातील वनस्पती आहे. तिचे फूल जांभळट व घंटेसारखे असून फळ मोठे व एकेकटे लागते. कोकणपट्टीत ती उगवत नाही.

यावरून एक नियम निघतो. फूल व फळ पाहून ओळख पटल्यावाचून कोणत्याही रानटी रोपाचा पाला तोडू नये. केवळ पानांवरून केलेली ओळख पुरेशी नाही.

झाईसारख्या गावातील लागवड

झाई हे तलासरी तालुक्यातील, गुजरातच्या सीमेला लागून असलेले समुद्रकाठचे गाव. अशा किनाऱ्यावर जमीन रेताड, वारा खारा व पावसाळा जोराचा असतो. रेताड जमिनीत पाणी व खत टिकत नाही. म्हणून वाफ्यात कुजलेले शेणखत व पालापाचोळ्याचे खत भरपूर मिसळावे. वाऱ्याच्या बाजूस नारळाच्या झावळ्यांचा किंवा बांबूचा आडोसा करावा. त्यामुळे शेळ्या-कोंबड्यांपासूनही संरक्षण मिळते. किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात खारे होते. पानांच्या कडा करपू लागल्यास ते पाणी देणे थांबवावे व पोषण आहाराच्या स्वयंपाकातील तांदूळ व भाजी धुतलेले पाणी वळवावे.

बी धरण्यासाठी ओळख पटलेल्या झुडपाची पूर्ण पिकलेली फळे घ्यावीत. ती पाण्यात कुस्करून बी धुवावे व सावलीत वाळवावे. बी फार बारीक असते. म्हणून चाळलेल्या राखेत किंवा रेतीत मिसळून गादीवाफ्यावर फेकावे व वर मातीचा पातळ थर द्यावा. पावसाचा जोर ओसरल्यावर, भाद्रपद-आश्विनात पेरणी करणे सोयीचे. भर पावसात बी वाहून जाते व साचलेल्या पाण्याने रोपे कुजतात. रोपांना चार-पाच पाने आली की सुमारे दीड फुटाच्या अंतराने ती लावावीत.

रोप वीतभर उंच झाले की शेंडा खुडावा. शेंडा खुडल्याने बगलेतून फांद्या फुटतात व झुडूप पसरट होते. पुढे दर आठ-दहा दिवसांनी कोवळे शेंडे खुडावे व खाली वीतभर बुंधा राखावा. कळ्या दिसताच खुडून टाकाव्या. कळ्या खुडल्याने पाला अधिक दिवस मिळतो, हिरवी फळे मुलांच्या हाती लागत नाहीत, आणि पक्ष्यांमार्फत बी पसरून शेजारच्या शेतात तण माजत नाही. बियासाठी एकच झुडूप राखावे व त्यास स्वतंत्र कुंपण घालावे. पाणी व छाटणी नियमित असल्यास ही झुडपे बुंध्याशी टणक होऊन उन्हाळ्यापर्यंत टिकतात.

वांग्यावर पडणारी कीड व मर रोग कामोणीवरही येतो. यास्तव वांगी, टोमॅटो किंवा मिरची काढलेल्या वाफ्यात ती लावू नये. तेथे आधी चवळी किंवा मेथी घ्यावी. मावा व भुंगेरे दिसल्यास हाताने वेचावे किंवा पाण्याच्या फवाऱ्याने धुवावे. मुलांच्या खाण्यात येणाऱ्या पाल्यावर विषारी औषधे मुळीच मारू नयेत.

भाजीची रीत व मर्यादा

कोवळा पाला निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन, भरपूर पाण्यात उकळावा व ते पाणी टाकून द्यावे. नंतर लसूण, कांदा व मिरची यांची फोडणी देऊन मूगडाळीबरोबर शिजवावा. तामिळ घरांत डाळ व खोबरे घालून ही भाजी करतात. हिरव्या पालेभाज्यांतील लोह शरीरास लागू पडण्यासाठी आंबट पदार्थांची मदत होते. म्हणून वाढताना लिंबू पिळावे. उकळूनही भाजी अतिशय कडू लागल्यास ती टाकून द्यावी. उकळल्याने कडू द्रव्याचा काही अंश पाण्यात उतरतो, सर्व नाहीसा होत नाही. हिरव्या फळांचा दोष शिजवल्याने जातो असे तर कधीच समजू नये.

शालेय पोषण आहाराच्या मानकाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलास दररोज ५० ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलास ७५ ग्रॅम भाजी द्यावयाची असते. पहिली ते पाचवीची ४० मुले असलेल्या शाळेस याचा अर्थ दररोज २ किलो भाजी. कामोणीच्या एका वाफ्यातून एवढा पाला निघणार नाही. तेव्हा आहाराची मुख्य भिस्त माठ, शेवगा व चवळी यांसारख्या निर्धोक भाज्यांवरच ठेवावी. कामोणीची भाजी पोषण आहारात घेण्याचा निर्णय शिक्षकाने एकट्याने घेऊ नये. पालकांची व शाळा व्यवस्थापन समितीची संमती, गावातील जाणत्या स्त्रीने पटविलेली ओळख आणि कृषी सहायकाने दिलेला दुजोरा, या तिन्ही गोष्टी झाल्यावाचून ती शाळेच्या पातेल्यात जाऊ नये. प्रथम मातांच्या सभेत कृतीचे प्रात्यक्षिक करणे हा उत्तम मार्ग होय.

अपघात झाल्यास

कामोणीची हिरवी फळे खाल्ल्यास पोटदुखी, मळमळ, उलट्या, जुलाब, डोकेदुखी व सुस्ती ही लक्षणे दिसतात. धोत्रा पोटात गेल्यास तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात व मूल असंबद्ध बडबडू लागते. कोणत्याही परिस्थितीत घरगुती उपाय करीत वेळ दवडू नये. मीठपाणी पाजून मुद्दाम उलटी करवू नये. तोंडातील उरलेला भाग काढून टाकावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मुलास तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. जे झाड खाल्ले असेल त्याची फळापानांसह फांदी बरोबर घ्यावी. डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो.

पाठ

पहिली-दुसरीच्या वर्गास एकच गोष्ट पक्की शिकवावी: विचारल्याशिवाय कोणतेही रानफळ तोंडात घालावयाचे नाही. तिसरीपासून परिसर अभ्यासात वांगे, मिरची व कामोणी यांची फुले शेजारी ठेवून चित्रे काढवावी. गणितात दर आठवड्याला झुडपाची उंची मोजून आलेख काढता येतो व खुडलेल्या पाल्याचे वजन नोंदवून सरासरी काढता येते.

भाषेचा पाठ या परिसरात विशेष फलदायी होईल. तलासरी व डहाणू तालुक्यांतील वर्गांत वारली, धोडी, मांगेली, गुजराती व मराठी बोलणाऱ्या घरांतील मुले एकत्र बसतात. प्रत्येक मुलाने घरी जाऊन या झुडपाचे नाव विचारून यावे व ते फळ्यावर लिहावे. घरात ते खातात की नाही, खात असल्यास कसे, आणि खात नसल्यास का नाही, हेही विचारावे. आजीने “खाऊ नका” असे सांगितले असेल तर तेही ज्ञानच आहे, व त्याची नोंद तितक्याच आदराने व्हावी. घरची नावे रानटी म्हणून शाळेने बाजूस सारली, म्हणजे मूल ती उच्चारण्यास लाजते. आणि नावाबरोबर कोणते पान खावे व कोणते फळ टाळावे ही जाणही एका पिढीत पुसली जाते.

झाईपासून जवळच असलेल्या बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी जे कार्य केले, त्यात शाळाच मुलांकडे नेण्याचा विचार होता. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाल्या त्या याच विचारातून. पाने, फुले, बिया, शंख-शिंपले हे आसपास मिळणारे पदार्थच तेथे शिक्षणाचे साहित्य झाले. कुंपणाकडचे झुडूप वर्गात आणणे हे त्याच वाटेवरचे एक लहान पाऊल आहे.

येत्या पावसाळ्यानंतर परसबागेची आखणी करताना प्रत्येक शाळेने शाळेच्या आवारातील व कुंपणालगतची सर्व स्वयंभू झुडपे एकदा मुलांसह पाहावीत, त्यांची स्थानिक नावे वहीत उतरवावीत व विषारी झाडे कोणती ते मुलांना प्रत्यक्ष दाखवावे. कामोणी लावावयाची की नाही, हे ज्या त्या शाळेने आपली जमीन, पाणी व देखरेख पाहून ठरवावे. तिची ओळख मात्र प्रत्येक शाळेतील शिक्षकास व मुलास असावी.