दूरदर्शनवरील बागुलबुवा

लहान मुलें कशास भितील याचा कांहीं नेम नाहीं. त्यांना भिवविण्यासाठींच रचलेल्या गोष्टी तीं डोळे विस्फारून आवडीनें ऐकतात. आणि जें केवळ त्यांच्या रंजनासाठीं अथवा बोधासाठीं घडविलेलें असतें, तें पाहून मात्र कित्येकदां पांघरुणांत तोंड लपवितात. घरोघर दूरदर्शनसंच आल्यापासून या प्रकाराचीं पुष्कळ उदाहरणें आमच्या पाहण्यांत आलीं. त्यांपैकीं दोन येथें देतों.

१९८५ च्या पुढील कांहीं वर्षांत आमच्या हदगावांतील आळींत असा संच एखाददुसऱ्याच वाड्यांत होता. आळींतील सारीं मुलें त्या ओसरीवर जमत. रामानंद सागर यांची ‘विक्रम और बेताल’ ही मालिका त्याच काळांतली. स्मशान, प्रेत, खांद्यावर बसणारा बेताल, सर्व साहित्य भयाचेंच. पण दुसऱ्या दिवशीं हींच मुलें शाळेंत एकमेकांच्या पाठीवर बसून बेतालाचा खेळ मांडीत. मात्र त्यांतील एक पांच वर्षांचा मुलगा, कार्यक्रमापूर्वीं दूरदर्शनचें चिन्ह फिरूं लागलें कीं माजघरांत पळून जाई.

हें चिन्ह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंतील देवाशीष भट्टाचार्य या विद्यार्थ्यानें रेखाटलेलें. मध्यें एक वर्तुळ, आणि भोंवतीं फिरत येऊन डोळ्याचा आकार घेणाऱ्या दोन वक्र रेषा. सोबतची धून पंडित रविशंकर व शहनाईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खां यांची. वडील मंडळींस ती मधुर वाटे. मुलाचें म्हणणें एवढेंच, “तो डोळा माझ्याकडेच बघतो.”

दुसरें उदाहरण एका मुलीचें. विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ हा १९७४ चा बोधपट दूरदर्शनवर वर्षानुवर्षें दाखविला जाई. पारध्याच्या जाळ्यांत सांपडलेले पक्षी एकजुटीनें जाळ्यासकट उडतात, आणि उंदीर तें जाळें कुरतडतात. पंचतंत्रांतील चित्रग्रीव आणि हिरण्यक यांचीच ही कथा. सर्व मुलें आनंदानें गाणें म्हणूं लागलीं. ही मुलगी मात्र उन्हाळ्यांत माळवदावर झोपेना. पुष्कळ विचारल्यावर ती म्हणाली, “पक्षी सुटले, पण तें जाळें कुठं गेलं?”

याचें कारण काय असावें? अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत जोअॅन कँटर यांनीं मुलांच्या अशा भीतीचा दीर्घ अभ्यास केला. सिंथिया हॉफनर यांच्यासह १९८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्यांनीं एकाच गोष्टींतील स्त्री कधीं कुरूप पण दयाळू, तर कधीं सुंदर पण क्रूर अशी दाखविली. मोठ्या मुलांनीं तिची पारख कृतीवरून केली. अगदीं लहानांनीं बव्हंशीं रूपावरून. लहान मुलाचें भय संकटाशीं नव्हे, तर आकार, आवाज आणि अकस्मात् होणारा पालट यांशीं निगडित असतें. शिवाय बेतालाच्या गोष्टीस नियम आहे: प्रश्न, उत्तर, राजाचा मौनभंग आणि बेताल पुन्हां झाडावर. सोमदेवाच्या कथासरित्सागरापासून तो तसाच चालत आला आहे. त्या फिरत्या डोळ्यास मात्र ना गोष्ट, ना शेवट.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. त्या मुलाची भीति घरांत कळतांच काका-मामांस आयतेंच साधन सांपडलें. “जेवला नाहींस तर तुझं चक्र लावतो,” असें म्हणण्याचा परिपाठ पडला. दोन-तीन वर्षांत ती भीति गेली. परंतु तोच मुलगा मोठा झाल्यावर आम्हांस सांगत होता कीं, पुढें मोठ्या मुलांनीं छळलें तरी घरीं तोंड उघडण्याचें धैर्य त्यास झालें नाहीं. सांगितलें कीं हांसतात, हें तो पांचव्या वर्षींच शिकला होता. चक्रानें जें बिघडविलें नाहीं, तें घरच्या थट्टेनें बिघडविलें.

मुलीच्या आजीचें वर्तन पाहा. तिनें “खोटं असतं तें” असें म्हटलें नाहीं. रज्जुसर्पाच्या दृष्टांतांतहि दिवा आणल्यावांचून भय जात नाहीं. नुसत्या शब्दांनीं अजाण बालकाचें कसें जावें? तिनें जुनें शिंकें काढून नातीपुढें टाकलें, हातीं कात्री दिली आणि म्हणाली, “आतां उंदीर तूं हो.” नातीनें त्याचे तुकडे तुकडे केले. त्या रात्रीं ती माळवदावर आजीच्या कुशींत झोपली.

एकत्र कुटुंबांत थट्टा करणारीं तोंडें पुष्कळ असतात, तशा मांड्याहि पुष्कळ असतात. मुलाच्या वांट्यास कोणतें यावें, हें वडीलधाऱ्यांच्या हातीं आहे. त्या काळीं मूल भ्यालें तर ओसरीवरच्या दहाजणांस दिसे. आज पडदा मुलाच्या मुठींत आला आहे. तें कोपऱ्यांत एकटेंच पाहतें आणि एकटेंच भितें. म्हणून गृहिणींस व गृहस्थांस आमचें सांगणें एवढेंच कीं, दिवसांतून थोडा वेळ तरी मुलाशेजारीं बसून तें पाहतें तें पाहावें. आणि त्यानें आपलें भय, कितीहि वेडगळ असो, बोलून दाखविलें, तर हंसूं आवरून आधीं विचारावें, “मग पुढं काय होतं?”